लंडनचा जुना सोनार शोधायचाय? आधी ठसा बघा

चांदीच्या जुन्या भांड्यावर लंडनचे ठसे दिसले की तो सोनार कोण, कुठे शिकला, हे बऱ्यापैकी काढता येतं (तिकडे चांदीकामवालाही गोल्डस्मिथच बरं का). भिंग घ्या, फोटो काढा. कारागिराचा ठसा वेगळा, वर्षाचं अक्षर वेगळं. हे अक्षर १४७८ पासून, तेव्हापासून तपासणी गोल्डस्मिथ्स हॉलमध्येच (म्हणजे सोनारांच्या संघटनेच्या, गोल्डस्मिथ्स कंपनीच्या इमारतीत) व्हायची, आपल्या सोन्यावरचा 'हॉलमार्क' शब्द तिथूनच आलाय. पण अक्षर मे महिन्यात बदलायचं, म्हणून एका अक्षराला नेहमी दोन वर्षं धरा.

मग कारागिराची अक्षरं. इथे लोक हमखास चुकतात. लंडनचा नावाजलेला सोनार पॉल द लामेरीच घ्या, त्याचा पहिला ठसा 'एलए', कारण १६९७ ते १७२० जास्त शुद्ध म्हणजे ९५.८ टक्के चांदी सक्तीची होती आणि ठशात आडनावाची पहिली दोन अक्षरं लागायची, नंतर साध्या स्टर्लिंगसाठी (९२.५ टक्के चांदी) त्याने १७३३ ला 'पीएल' नोंदवला, आणि १७३९ ला सगळ्यांनाच ठसे बदलायला लावले तेव्हा तिसरा. म्हणजे ठसे तीन, माणूस एकच!

ठशांची रजिस्टरं हॉलमध्ये १६९७ पासूनची आहेत, त्यात तारीख आणि पत्ता मिळतो. मोठी भांडी घडवणाऱ्यांचं १७५८ ते १७७३ चं रजिस्टर मात्र हरवलंय, तुमचा माणूस त्यातला असेल तर १७७३ ची पार्लमेंटसाठी केलेली यादी बघा.

पुढे उमेदवारीची नोंद, माझ्या मते सगळ्यात कामाची, कारण त्यात बापाचं नाव, धंदा, उस्ताद सगळं येतं. लामेरी १७०३ ला पिएर प्लाटेलकडे ७ वर्षांसाठी लागला, पण गोल्डस्मिथ्स कंपनीचा फ्रीमन, म्हणजे स्वतःचा धंदा करायची मुभा असलेला सदस्य, झाला १७१३ ला. मधल्या काळात तो पगारावर राबला असेल, पण पुरावा नसताना तसं ठोकून देऊ नका. आणि फ्रीमन झाल्याची तारीख फेब्रुवारीतली आहे, जुन्या वहीत ते साल १७१२ दिसेल कारण १७५२ पर्यंत तिथलं नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं. यात भले भले फसतात.

शेवट मृत्युपत्राने करा, लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये १३८४ ते १८५८ ची कँटरबरी कोर्टातली (हे चर्चचं कोर्ट) मृत्युपत्रं ऑनलाइन शोधता येतात. लामेरी १७५१ ला गेला.

आणि हो, ठसा ज्याचा त्यानेच भांडं घडवलं असं धरू नका. हेस्टर बेटमनने नवरा गेल्यावर १७६१ ला स्वतःचा ठसा नोंदवला, पण वर्कशॉपमध्ये तिची मुलंही कामाला होती.