पन्नाशीनंतरही स्पीड टिकवायचा असेल तर

पन्नाशी ओलांडलेल्या रनर्सचं एक ठरलेलं आहे, आठवड्यात पाच-सहा दिवस पळतात, किलोमीटर भरपूर करतात, पण सगळे एकाच पेसने (एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेने), ना धड हळू ना धड जोरात, आणि मग दोन-तीन वर्षांनी म्हणतात वयामुळे स्पीड गेला. वयामुळे थोडा जातोच, त्यात वाद नाही. पण बराचसा जातो तो जोरात पळणंच सोडून दिल्यामुळे.

आत काय होतं ते आधी बघू. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, म्हणजे व्हीओटू मॅक्स, ते तिशीनंतर व्यायाम न करणाऱ्या माणसात दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी उतरतं, जोरदार ट्रेनिंग चालू ठेवणाऱ्यांमध्ये ही घसरण बरीच कमी असते. हृदयाचे कमाल ठोके कमी होतात, ते कोणालाच चुकत नाही. स्नायूंमधले जोर लावणारे फास्ट फायबर आधी बारीक होतात. आणि पोटरी-घोट्यातून मिळणारा रेटा कमी पडायला लागतो, त्यामुळे मिनिटाला पावलं जवळपास तेवढीच पडतात पण प्रत्येक पाऊल आखूड होतं. म्हणजे स्पीड जातो तो मुख्यतः पावलाच्या लांबीतून, हे लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही यावरच आहे.

माझं म्हणणं एवढंच, की जोर कमी करू नका, दोन जोराच्या दिवसांमधलं अंतर वाढवा. तिशीत मंगळवारी इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोरात पळायचे तुकडे), गुरुवारी टेम्पो (जरा कमी जोराने पण जास्त वेळ पळणं) आणि रविवारी लाँग रन असं खपून जायचं, पन्नाशी-साठीत तेच वेळापत्रक चालवलं की गुरुवारचा टेम्पो थकलेल्या पायांनी होतो, ना तो नीट होतो ना मंगळवारचा फायदा अंगी लागतो. त्यात आठवडा सात दिवसांचाच असला पाहिजे असं शरीराला कोणी सांगितलेलं नाही. नऊ किंवा दहा दिवसांचं चक्र करा. एक इंटरव्हलचा दिवस, मग दोन-तीन दिवस इझी किंवा सुट्टी, मग टेम्पो, परत दोन-तीन दिवस इझी, मग लाँग रन, परत तसंच. नोकरीमुळे सातच दिवसांत बसवायचं असेल तर एका आठवड्यात इंटरव्हल आणि पुढच्यात टेम्पो असं आलटून पालटून करा, तेही चालतं.

इझी म्हणजे खरंच इझी हं. पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, दम लागून तुटक तुटक बोलावं लागलं तर पेस जास्त आहे. घड्याळाच्या हार्ट रेट झोनवर, म्हणजे ठोक्यांवरून पाडलेल्या जोराच्या टप्प्यांवर, डोळे मिटून विश्वास ठेवू नका, कारण बरीच घड्याळं २२० वजा वय या हिशोबाने झोन काढतात आणि वय वाढेल तसा तो आकडा बऱ्याच जणांच्या खऱ्या कमाल ठोक्यांपेक्षा कमी येतो. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र त्यातल्या त्यात बरं, साठाव्या वर्षी पहिल्याने १६० येतात आणि दुसऱ्याने १६६. तरी माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, त्यामुळे बोलता येतंय का हीच टेस्ट बेस्ट. आणि बीपी-हृदयासाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके मुळातच दाबलेले असतात, तिथे झोनचा काही उपयोग नाही.

आता जोरात पळायचं म्हणजे काय. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्ट्राइड्स. इझी रन संपत आला की १५ ते २० सेकंद वेगात, पण दात-ओठ न खाता, खांदे सैल सोडून पळायचं, मग मिनिट-दीड मिनिट चालायचं, असं चार ते सहा वेळा. आठवड्यातून दोनदा, वर्षभर, रेस असो वा नसो. यात थकवा जवळजवळ येत नाही पण पायांना लांब पाऊल टाकायची सवय राहते. हे अंगवळणी पडलं की चढावर ८ ते १० सेकंदांच्या छोट्या स्प्रिंट घ्या, सुरुवातीला दोनच, मग हळूहळू सहापर्यंत. चढावर वेग कमी असतो म्हणून हॅमस्ट्रिंगला (मांडीच्या मागच्या स्नायूला) सपाटीपेक्षा धोका कमी, आणि रेटा मात्र पूर्ण लावावा लागतो, पन्नाशीनंतर नेमकं तेच पाहिजे असतं.

इंटरव्हलसाठी तीन ते चार मिनिटांचे चार-पाच तुकडे, पाच किलोमीटर रेसच्या पेसच्या आसपास, मध्ये दोन-तीन मिनिटं हळू जॉग. टेम्पो म्हणजे जो पेस रेसमध्ये तासभर टिकवता येईल तो, २० मिनिटं सलग किंवा दहा-दहाचे दोन तुकडे, मला दोन तुकडे जास्त पटतात कारण दुसऱ्या तुकड्याच्या आधी शरीर काय म्हणतंय ते कळतं. शेवटचा तुकडा झाल्यावर अजून एक मारता आला असता असं वाटलं पाहिजे. ज्या दिवशी आडवे होऊन घरी येता त्या दिवसाची किंमत पुढचे चार दिवस मोजावी लागते. आणि वॉर्मअपला आता दहा मिनिटं पुरत नाहीत, १५ ते २० मिनिटं इझी, मग पाय झुलवणं, स्किपिंग ड्रिल (उड्या घेत पावलं टाकणं), दोन-तीन स्ट्राइड, आणि मगच घड्याळ चालू करा.

जोरात पळायलाच पाहिजे म्हटलं की कोणीतरी एड व्हिटलॉकचं उदाहरण देतंच. हा कॅनडाचा माणूस, २००४ साली ७३ व्या वर्षी टोरोंटोत २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन पळाला, आणि ट्रेनिंग म्हणजे दफनभूमीतल्या रस्त्यांवर तास न् तास हळू पळणं. खरंय, पण तो छोट्या-मोठ्या रेस भरपूर करायचा, त्याचं स्पीडवर्क तिथे होऊन जायचं, ही अर्धी गोष्ट लोक सोडून देतात. आणि रोज तीन-तीन तास पळायला लागणारा वेळ नि तसे सांधे किती जणांकडे असतात? बायकांमध्ये जपानच्या मारिको युगेता बघा, २०२१ मध्ये ६२ व्या वर्षी २ तास ५२ मिनिटं १३ सेकंद. साठीनंतर तीन तासांच्या आत मॅरेथॉन करणारी पहिली बाई तीच.

आता पोटरी, यावर मी जरा जास्तच बोलतो. तरुणांचे गुडघे दुखतात, वय झालेल्या रनरची पोटरी आणि अकिलीस टेंडन (टाचेमागची जाड शीर). पळताना पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि नुसतं पळून तो पुरेसा मजबूत होत नाही. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा काफ रेज (टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं), अर्धे सरळ गुडघ्याने आणि अर्धे गुडघा वाकवून कारण वाकवल्यावर भाराचा जास्त वाटा सोलियसवर येतो. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग हातात वजन घेऊन. वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन. एका पायावर २०-२५ नीट होत नसतील तर तुमच्या स्पीडचं दुखणं कदाचित फुफ्फुसात नसून तिथे आहे.

बाकी जिममध्ये स्क्वॉट, डेडलिफ्ट, स्टेप अप, लंज एवढं बास, पण वजन जड पाहिजे, पाच ते आठ रेपमध्ये (तेवढ्या वेळा उचलल्यावर) दमायला होईल एवढं. हलक्या वजनाने तीस-तीस रेप मारण्यात रनरला काही अर्थ नाही, तसला एन्ड्युरन्स पळण्यातून मिळतोच. नवीन असाल तर आधी महिना-दोन महिने टेक्निक शिका. जिम शक्यतो जोराच्या रनच्याच दिवशी संध्याकाळी ठेवा म्हणजे इझी दिवस खरंच मोकळा राहतो. मेनोपॉजनंतर हाडांची घनता वेगाने कमी होते, त्यामुळे बायकांनी वजनं टाळूच नयेत.

खाण्याचं थोडक्यात. वय वाढलं की तेवढ्याच प्रोटीनमधून स्नायू कमी बांधले जातात, म्हणून दिवसाला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा आणि ते तीन-चार जेवणांत वाटा, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. तहानही कमी जाणवते, ती लागायची वाट बघू नका.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी मात्र माहीत पाहिजेतच. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्या कुटुंबातल्या अँटिबायोटिक्समुळे टेंडन फाटायचा धोका असतो आणि साठीनंतर तो जास्त, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा की मी पळतो. आणि लाँग रनच्या आधी आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर घेऊन निघू नका, पाणी कमी पडलं की किडनीवर ताण येतो. पळताना छातीत दाब, अचानक चक्कर, ठोके वेडेवाकडे पडणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि दाखवून घ्या, वर्षानुवर्षं खूप पळणाऱ्या पुरुषांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडण्याचा हृदयाचा त्रास) जास्त दिसतं, फिट आहे म्हणून मला काही होणार नाही हा हिशोब इथे चालत नाही.

महिनाभर सुट्टी पडली तर परत यायला आता जास्त वेळ लागतो, म्हणून दुखायला लागल्यावर तीन दिवस लगेच थांबणं नंतर सहा आठवडे बसण्यापेक्षा परवडतं. टायमिंगची तुलना जुन्या पीबीशी (स्वतःच्या सर्वोत्तम वेळेशी) करत बसू नका, त्यासाठी एज ग्रेडिंगचे तक्ते आहेत, वय, अंतर आणि वेळ टाकली की त्या वयाच्या सर्वोत्तम पातळीच्या किती टक्के पळालात ते येतं. वर्षातून तीन-चार वेळा पाच किंवा दहा किलोमीटरची रेस पूर्ण जोर लावून करा आणि तोच आकडा लिहून ठेवा. वेळ मिनिटभर वाढली तरी टक्के तेवढेच असतील तर ट्रेनिंग बरोबर चाललंय, टक्केच घसरत असतील तर आधी रिकव्हरीचे दिवस मोजा, नवीन शूज नंतर.