निकालाला कोर्टात आव्हान देताय? या चुका टाळा

मतमोजणीत पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी हमखास म्हणतो, "वकीलसाहेब, थेट सुप्रीम कोर्टात जाऊ." कशाला? संविधानाच्या अनुच्छेद 329(ख) प्रमाणे लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेनेच देता येतं आणि ती हायकोर्टातच दाखल होते. रिटचा, म्हणजे घटनात्मक अधिकाराखाली थेट कोर्टात अर्ज करण्याचा, दरवाजा पोन्नुस्वामी खटल्यात 1952 सालीच बंद झाला. दिल्लीची पाळी येते ती अपिलात, तीही 30 दिवसांत. पहिल्याच पायरीला सुप्रीम कोर्ट, हा मान राष्ट्रपती-उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीचा.

हायकोर्टात मुदत 45 दिवस. उशीर माफ करा म्हणून अर्ज चालत नाही. तरीही पहिला महिना पत्रकार परिषदा आणि आयोगाला पत्रं यात जातो, मग धावपळ सुरू होते.

असाच एक उमेदवार आठवतो. मुदतीच्या आदल्या रात्री त्याच्या कार्यकर्त्यांना पैसेवाटपाचा नवा तपशील सापडला. मूळ याचिकेतलं एक पान बदललं, पण प्रतिवादींच्या प्रती आधीच झेरॉक्स होऊन, सह्या होऊन बांधून ठेवल्या होत्या. त्यात जुनंच पान राहिलं. प्रत्येक पानाखाली "खरी प्रत" असं लिहून पिटिशनरची, म्हणजे याचिका करणाऱ्याची, सही! समोरच्या वकिलाने दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 86 खाली याचिका फेटाळली गेली. साक्षीदार सोडा, खटल्यातले वादाचे मुद्देसुद्धा ठरले नाहीत. अपील माझ्याकडे आलं तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी मुदतीच्या दहा दिवस आधी मजकूर गोठवतो. त्यानंतर स्वल्पविरामही बदलत नाही. प्रती मूळाशी पानागणिक ताडायला दोघांना बसवतो, एक वाचतो, दुसरा बघतो. ज्युनियर कंटाळतात. कंटाळू देत. आणि दाखल करताना पिटिशनर स्वतः हजर हवा. नुसत्या वकिलाने नेऊन दिलेली याचिका सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये ग्राह्य धरली नाही.

दुसरं दुखणं म्हणजे मोघम आरोप. "मतदारसंघात सर्वत्र पैसे वाटले" या वाक्याला काडीची किंमत नाही. कोणी, कुठे, कधी, कोणाला, उमेदवाराच्या संमतीने की कसं, हे सगळं याचिकेतच हवं. 1967 च्या दक्षिण मुंबईच्या निवडणुकीवर सामंत विरुद्ध जॉर्ज फर्नांडिस हा खटला झाला. मुदत संपल्यावर दुरुस्तीच्या नावाखाली नवा भ्रष्टाचार याचिकेत घुसवता येत नाही, हे त्यात 1969 सालीच स्पष्ट झालं. तरी "आत्ता टाकू, पुरावे मागाहून जोडू" म्हणणारे संपत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून तयार मसुदा आणणाऱ्यांना तर मी चहा पाजून परत पाठवतो.

फरक कमी म्हणून फेरमोजणी मिळत नाही. 2024 ला मुंबई वायव्यचा निकाल 48 मतांचा होता, तरी हायकोर्टाने याचिका फेटाळली. कोणत्या मतांमध्ये काय चुकलं आणि त्याने निकाल कसा फिरला, हे दाखवावंच लागतं.

ज्या उमेदवारावर गैरप्रकाराचा आरोप करता त्याला पक्षकार करा, मग त्याने अर्ज मागे घेतलेला का असेना. 2,000 रुपयांची अनामत याचिकेसोबतच भरा. ईव्हीएम तपासणीचा अर्ज निकालापासून 7 दिवसांत करायचा असतो, पण तो म्हणजे निवडणूक याचिका नव्हे.

आणि हायकोर्टात जिंकलात तर पेढे नंतर वाटा. हायकोर्ट स्वतःच आपला आदेश थांबवू शकतं, नाहीतर समोरचा दिल्लीहून स्थगिती आणतो. 12 जून 1975 ला अलाहाबादने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली आणि त्याच दिवशी 20 दिवसांची स्थगितीही दिली. 24 जूनला सुप्रीम कोर्टाने सशर्त स्थगिती दिली: सभागृहात बसता येईल, मत देता येणार नाही. म्हणून माझं कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय स्थगिती देऊ नका असा अर्ज, निकालाच्या आधीच टाईप होऊन तयार असतं, फक्त तारीख भरायची बाकी.