मोठी जुनी मत्स्यटाकी घेताना काय तपासायचं

जुन्या टाकीचे पैसे काच आणि सिलिकॉनसाठी मोजायचे. फिल्टर, हीटर, दिवे सोबत मिळाले तर बरंच. पण ते चालणार नाहीत असं धरूनच भाव ठरवा.

आधी मापं मागवा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 1000 ने भागलं की लिटर मिळतात. 120 × 45 × 60 ची टाकी 324 लिटरची, म्हणजे नुसतं पाणीच सव्वातीनशे किलो. काच, वाळू, दगड धरले की वजन चारशेच्या वर जातं. जागा तेवढा भार पेलेल का आणि टाकी दारातून आत येईल का, हे तेव्हाच बघा. काचेची जाडीही विचारा. या मापाला वर आडव्या पट्ट्या असतील तर 10 मिमी, नसतील तर 12 मिमी हवी.

प्रत्यक्ष बघायला जाताना टॉर्च न्या. सांध्यात सिलिकॉन दोन ठिकाणी असतं: दोन काचांच्या मध्ये, आणि आतल्या कोपऱ्यात. टाकी धरून ठेवतो तो मधला थर. त्यात एखाददुसरा बारीक बुडबुडा चालतो. पण बुडबुड्यांची सलग रांग, कडेपासून आत सरकलेला पांढुरका डाग किंवा काचांच्या मध्ये शिरलेलं शेवाळ दिसलं, तर सांधा सुटू लागलाय. अशी टाकी फुकट मिळाली तरी नको. ती पूर्ण उकलून पुन्हा चिकटवावी लागते.

कोपऱ्यातला थर नखाने उचकटत असेल तर दुरुस्ती शक्य आहे. फक्त त्यावर ठिगळ लावू नका, कारण जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. आतला सगळा थर ब्लेडने काढा, काच ॲसिटोनने पुसा आणि बुरशीनाशक नसलेलं शुद्ध सिलिकॉन एका दमात भरा. ते आठवडाभर वाळू द्या.

काचेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा जाणार नाही. तेवढा भाव कमी करून घ्या. कडेचा बारीक टवका, सांध्यापासून लांब असेल तर, खपवून घेता येतो. तडा मात्र केसाएवढा असला तरी टाकी सोडून द्या. स्टँड लाकडी भुश्श्याच्या बोर्डाचा असेल तर तळाच्या कडा चाचपा. फुगल्या असतील तर तो भार घेणार नाही.

नेताना टाकी पूर्ण रिकामी हवी, वाळूसुद्धा काढून. थोडं पाणी राहिलं तरी ते हिंदकळून सांध्यांवर ताण येतो. उचलताना हात तळाखाली. वरच्या पट्ट्यांना धरून कधीही नाही.

घरी आणल्यावर स्टँड लेव्हलने सपाट करा. तळाची काच थेट स्टँडवर टेकत असेल तर मध्ये फोम घाला. खाली चौकट असलेल्या टाकीला फोम घालायचा नाही. खाली कोरडे कागद पसरा. एक तृतीयांश पाणी भरून काही तास थांबा, मग निम्मं, मग काठोकाठ. भरण्याआधी आणि भरल्यावर पुढच्या-मागच्या काचेमधलं अंतर मधोमध मोजा; 2-3 मिमीपेक्षा जास्त फुगवटा आला तर पाणी उतरवा. नाहीतर 48 तास तसंच ठेवा. कागद ओला झाला तर आधी बाहेरच्या काचेवर दव आलंय का ते बघा, बऱ्याचदा गळती वाटते ते दवच असतं.

क्षाराचे डाग व्हिनेगरने निघतात. साबण नको, आणि ब्लीच वापरायचं असेल तर ते व्हिनेगरसोबत कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. मालकाने तांब्याचं औषध वापरलं होतं का, तेही विचारून घ्या: कोळंबी आणि गोगलगायींना तांबं सोसत नाही.