दातांच्या बायोफिल्मवर पेप्टाइड टेस्ट करायचंय? मग हे वाचा

एमडीएसच्या थिसिसला अँटीमायक्रोबियल पेप्टाइड (जंतू मारणारी छोटी प्रथिनं) घेताय ना, मग ब्रॉथमधली (द्रव माध्यमातली) एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारा सगळ्यात कमी डोस, बघून लगेच हुरळून जाऊ नका. तिथे बॅक्टेरिया सुटे असतात, दातावर मात्र चिकट मॅट्रिक्समध्ये दडून बसतात (हीच बायोफिल्म) आणि मग डोस कितीतरी जास्त लागतो.

विषय किडीचा असेल तर स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स घ्या, बीएचआय (ब्रेन हार्ट इन्फ्युजन) ब्रॉथमध्ये १% सुक्रोज टाकायचंच कारण साखरेशिवाय तो ग्लुकान (मॅट्रिक्सचा चिकट पदार्थ) बनवत नाही आणि नुसताच पातळ थर मिळतो. हायड्रॉक्सीअॅपटाइटच्या (दातातलं खनिज) डिस्क आधी लाळेत भिजवा. रूट कॅनालसाठी एंटरोकॉकस फीकॅलिस, तोही डेंटिनच्या तुकड्यांवर, आणि जमलं तर ३ आठवडे वाढवा, २४ तासांची कोवळी बायोफिल्म कशानेही मरते.

आता पेप्टाइड. एलएल-३७ आपल्याच शरीरात बनतं, ३७ अमिनो अॅसिडचं, पण फीकॅलिसकडे जिलेटिनेज नावाचं एन्झाइम आहे, ते याचे तुकडे करतं! लाळेतले प्रोटिएजही (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) काही कमी नाहीत, शिवाय मिठाने अॅक्टिव्हिटी उतरते. म्हणून डीजेके-५ सारखं डी-अमिनो अॅसिडचं (नेहमीच्या अमिनो अॅसिडची आरशातली प्रतिमा) पेप्टाइड मला जास्त भरवशाचं वाटतं, प्रोटिएजला ते सहजासहजी तुटत नाही. कुठलंही घ्या, एक सेट लाळ घालून करा, नाहीतर तोंडात काय होईल ते कळणारच नाही.

पावडर उणे २० ला ठेवायची, विरघळवलं की छोटे अॅलिकॉट (एकेका वापरापुरते भाग) करायचे, परत परत वितळवून गोठवायचं नाही. ट्यूब आणि प्लेट पॉलीप्रॉपिलीनच्या, कारण पॉझिटिव्ह चार्जवालं पेप्टाइड पॉलीस्टायरीनला चिकटतं आणि प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) तुम्ही समजता त्यापेक्षा कमीच उरतं. ऑर्डर करताना टीएफए (ट्रायफ्लुरोअॅसेटिक अॅसिड) सॉल्ट आहे का विचारा, असेल तर वजनातला काही भाग पेप्टाइडचा नसतो आणि पेशींवर टॉक्सिसिटी बघताना तो टीएफएही नडू शकतो.

कंट्रोलला (तुलनेसाठी) क्लोरहेक्सिडिन हे अँटीसेप्टिक ठेवा (कॅनालला २%), आणि सोबत काहीच न टाकलेली बायोफिल्म.

रिझल्टचं सांगायचं तर गाईड क्रिस्टल व्हायोलेट हा रंगच सुचवतील, स्वस्त आहे ना 😄 पण ते मेलेल्या पेशींनाही रंगवतं, म्हणजे बॅक्टेरिया मेले तरी रीडिंग तसंच दिसू शकतं. त्यामुळे कॉलनी काउंट (जिवंत बॅक्टेरियांची मोजणी) हवाच, आणि प्लेटिंगच्या आधी डिस्क नीट धुवा म्हणजे उरलेलं पेप्टाइड प्लेटवर काम करत बसणार नाही. कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा स्लॉट मात्र आधीच बुक करून ठेवा.