सायकलवर मोठ्या चौकात डावीकडे वळायचंय? दोन टप्प्यांत वळा

आपल्याला सवय रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायची, आणि परदेशात बऱ्याच देशांत ट्रॅफिक उजवीकडून चालतो, त्यामुळे डावीकडे वळायचं म्हटलं की मागून येणाऱ्या गाड्यांच्या लेन कापत रस्त्याच्या मधोमध जावं लागतं आणि तिथेच हातपाय गार पडतात. मी आता लेन कापतच नाही.

१. उजव्या कडेनेच रहा, हिरवा लागला की सरळ चौक ओलांडा.
२. पलीकडच्या कोपऱ्यात थांबा. थांबायच्या आधी हात वर करा, मागच्या सायकलवाल्याला कळतं. मग सायकल जागच्या जागी डावीकडे फिरवा, म्हणजे आडव्या रस्त्याच्या गाड्यांच्या पुढे, त्यांच्याच दिशेला तोंड करून. काही शहरांत यासाठी रस्त्यावर सायकलचं चित्र असलेला चौकोन रंगवलेला असतो, तो दिसला तर त्यातच उभं रहा.
३. आता समोरचा सिग्नल हिरवा झाला की सरळ निघा, झालं वळण!

एक सिग्नल जास्त थांबावं लागतं, पण जिवाला घोर नाही. डेन्मार्कमध्ये तर सायकलने असंच वळायचा नियमच आहे. जपानमध्ये ट्रॅफिक डावीकडून, तिथे हीच पद्धत उजवीकडे वळताना.

फक्त एक सांभाळा, सिग्नलला ट्रकच्या किंवा बसच्या उजव्या बगलेत कधीच उभं राहू नका, तो उजवीकडे वळला तर ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. मागेच थांबा, त्याला जाऊ द्या.