इनकोनेलमध्ये खोल होल मारताय? फीडच्या नॉबवरचा हात काढा

कुपवाड-मिरज एमआयडीसीत आपली पोरं तयार होतात ती बीड (ओतीव लोखंड) आणि ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) वर. किर्लोस्करवाडी १९१० ची, तेव्हा या कामाची परंपरा जुनी आणि सिनियर लोकांचा सल्लाही जुनाच: ‘आवाज आला की फीड (ड्रिल पुढे सरकण्याचा वेग) कमी कर.’ इनकोनेल ७१८ ला, म्हणजे या चिवट निकेल मिश्रधातूला, हा सल्ला लावाल तर मेलात.

हा धातू घासला की कडक होतो. ८ मिमीचं दोन धारांचं कार्बाइड ड्रिल धरा. कापायचा वेग मिनिटाला २० मीटर धरला तर आरपीएम ८०० च्या आसपास. फीड फेऱ्याला ०.१ मिमी, म्हणजे एका धारेच्या वाट्याला ०.०५. घाबरून ओव्हरराइड (फीड कमी-जास्त करायचा नॉब) ४० टक्क्यांवर आणलात की उरलं ०.०२. धारेला मुद्दाम दिलेली बारीक गोलाई साधारण तेवढीच असते. मग धार कापत नाही, नुसती घासते. तळाला कडक थर येतो, पुढच्या फेऱ्यात तोच कापावा लागतो, आवाज वाढतो, आणि आपण फीड अजून कमी करतो. आवाज बंद होतो तेव्हा ड्रिल आत तुटलेलं असतं. स्पिंडल फिरता ठेवून फीड होल्ड (फीड थांबवायचं बटण) दाबणं, जी८३ (टप्प्याटप्प्याने होल मारायची सायकल) मध्ये तळाला थांबा देणं, हीसुद्धा तीच चूक. त्यात हा धातू उष्णता वाहून नेतो साध्या स्टीलच्या जेमतेम पाव. ताप सगळा धारेवर.

पण घाबरायचं काम नाही. आकडे ठरवा, मग त्यांना हात लावू नका. व्यासाच्या दहापट किंवा जास्त खोली असेल तर आधी आखूड ड्रिलने पायलट (सुरुवातीचं उथळ मार्गदर्शक होल), त्याचा व्यास लांब ड्रिलपेक्षा मिलिमीटरच्या शंभरातले एक-दोन मायनस नव्हे, प्लस. लांब ड्रिल त्यात अगदी कमी आरपीएमवर घाला, कूलंट सुरू करा, मग वेग. बाहेर हवेत पूर्ण वेगाने फिरवलंत तर ते चाबकासारखं झोडपेल. कूलंट ड्रिलच्या आतून येत असेल तर पेकिंग (थोडं मारून ड्रिल मागे घेणं) विसरा.

रीलवर झटपट डीप होल दाखवणाऱ्यांच्या चिप (कापून निघालेला कीस) बघा एकदा. बहुतेक ॲल्युमिनियमच्या. शिकायचं तर मशीन लावून देणाऱ्या त्या सेटरकडे, जो धार भिंगाखाली बघून ड्रिल बदलतो. तुटायची वाट बघत नाही.

आणि तुटलंच, तर दुसरं ड्रिल त्यावर मारू नका. जॉब सरळ स्पार्क मशीनवर (ठिणगीने धातू झिजवणारं ईडीएम) पाठवा.