ऊतींतील प्रथिने अँटिबॉडीने शोधण्यापूर्वीची तयारी

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी (ऊतीच्या पातळ कापावर अँटिबॉडीने प्रथिन शोधून ते रंगाने दाखवण्याच्या पद्धतीसाठी) स्लाइड हाती घेण्याआधी नमुन्याचा पूर्वेतिहास लिहून घ्यावा. ऊती शरीरातून केव्हा काढली, ऊती टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन या द्रावणात केव्हा ठेवली आणि त्यात किती तास राहिली, या नोंदी नसतील तर पुढे रंग फिका आल्यास त्याचे कारण सांगता येत नाही. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि हर-२ ही प्रथिने तपासताना नमुना तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जावा व तेथे ६ ते ७२ तास राहावा, असा दंडक आहे. इतर प्रथिनांसाठीही तो शक्य तेवढा पाळणे हिताचे. फॉर्मॅलिनचे प्रमाण नमुन्याच्या किमान दहापट असावे आणि मोठा तुकडा कापूनच बुडवावा, नाहीतर कडेचे आणि मधले रंगन वेगवेगळे दिसू लागते. हाडाचा नमुना असल्यास त्यातील कॅल्शियम तीव्र आम्लाने काढले आहे की ईडीटीए या सौम्य रसायनाने, हे विचारून घ्यावे, कारण तीव्र आम्लाने अनेक प्रतिजनांची (अँटिबॉडी ज्यांना चिकटते त्या रेणूंची) हानी होते.

छेद (ऊतीचे पातळ काप) ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे असावेत आणि ते धनभारित स्लाइडवर घ्यावेत. साध्या काचेवरचा छेद उष्णतेच्या टप्प्यात सुटून येतो. कापून ठेवलेल्या छेदांतील काही प्रतिजन काळानुसार क्षीण होतात, म्हणून ब्लॉक (पॅराफिन या मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) जपावा आणि छेद कामापुरतेच घ्यावेत. मेण काढण्यासाठीचे झायलीन आणि उतरत्या तीव्रतेचे अल्कोहोल ताजे आहे ना, हे पाहावे. पॅराफिन उरले तर ठिपक्याठिपक्यांचे रंगन होते.

फॉर्मॅलिनमुळे प्रथिनांच्या रेणूंमध्ये रासायनिक दुवे तयार होतात आणि अँटिबॉडीला जेथे चिकटायचे ती जागा झाकली जाते. उष्णतेने ती पुन्हा उघडता येते, हे १९९१ मध्ये दाखवले गेले आणि तेव्हापासून पॅराफिनमधील जुन्या नमुन्यांचाही उपयोग पुष्कळ वाढला. यासाठी पीएच ६ चा सिट्रेट बफर आणि पीएच ९ चा ट्रिस-ईडीटीए बफर असे दोन्ही तयार ठेवावेत, कारण कोणता लागू पडेल हे त्या त्या अँटिबॉडीवर अवलंबून असते. साधारणपणे ९५ ते १०० अंश सेल्सिअसला २० मिनिटे उष्णता देऊन स्लाइड त्याच बफरमध्ये सावकाश थंड होऊ द्याव्यात. यानंतर शेवटपर्यंत छेद एकदाही सुकता कामा नये; ओलसर पेटी आधीच मांडून ठेवण्याचे कारण हेच.

अँटिबॉडी निवडताना ती पॅराफिनमधील ऊतींवर पारखलेली आहे का, हे पाहावे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (ऊतीतून काढलेली प्रथिने वेगळी करून पटलावर तपासण्याच्या पद्धतीत) चांगली चालणारी अँटिबॉडी येथे चालेलच असे नाही. ती कोणत्या प्राण्यात तयार केली आहे, त्यानुसार तिला चिकटणारी दुय्यम अँटिबॉडी ठरते. उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटिबॉडी वापरायची असेल तर पार्श्वभूमीचा रंग टाळण्यासाठी वेगळी योजना लागते. रंग उमटवण्यासाठी पेरॉक्सिडेज हे एन्झाइम वापरायचे असल्यास ऊतीतील मूळचे पेरॉक्सिडेज ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने निष्प्रभ करावे, आणि त्या एन्झाइमबरोबर वापरायच्या बफरमध्ये सोडियम अझाइड नाही याची खात्री करावी, कारण ते पेरॉक्सिडेजलाच रोखते. नवी अँटिबॉडी आधी १:५०, १:१००, १:२०० आणि १:४०० अशा विरलतांवर तपासावी.

माझ्या मते सर्वांत जास्त काळजी कंट्रोलची (तुलनेसाठी बरोबर रंगवायच्या स्लाइडची) घ्यावी. ज्या ऊतीत ते प्रथिन नक्की असते, अशी एक ऊती प्रत्येक खेपेला बरोबर रंगवावी. टॉन्सिल अनेक लिम्फॉइड मार्करसाठी (लसिका पेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांसाठी) सोयीचे असते, कारण त्यात रंगणाऱ्या आणि न रंगणाऱ्या पेशी शेजारीशेजारी दिसतात. तपासायच्या नमुन्याचाच आणखी एक छेद घेऊन त्यावर प्राथमिक अँटिबॉडीऐवजी त्याच प्राण्याची, तेवढ्याच प्रमाणात, असंबद्ध अँटिबॉडी वापरावी. त्यावरही तपकिरी रंग आला तर मुख्य स्लाइडवरचा रंग खरा मानता येत नाही, मग तो कितीही सुबक दिसो.

पेरॉक्सिडेजमुळे तपकिरी रंग देणारे डीएबी हे रसायन हाताळताना हातमोजे घालावेत आणि त्याचा निचरा वेगळा साठवावा, कारण ते कर्करोगजनक असल्याचा संशय आहे. मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य असलेल्या ऊतीत डीएबीचा तपकिरी रंग त्या रंगद्रव्यात मिसळून जातो. तेथे लाल रंग देणारे रसायन निवडावे. केंद्रके निळी दाखवणारे हेमॅटॉक्सिलिन हलकेच द्यावे, विशेषतः प्रथिन केंद्रकात असेल तेव्हा. केआय-६७ हे पेशीविभाजनाशी निगडित प्रथिन केंद्रकात आणि हर-२ पेशीपटलावर दिसायला हवे. अशी अपेक्षित जागा प्रत्येक मार्करसमोर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधीच नोंदवहीत लिहावी.